जावयाच्या ताटातली स्कूटर

माझी स्कूटर पोलिसांनी नेली तेव्हा तिच्यावर एक नवरदेव बसलेला होता. त्याला आधी उतरवावं लागलं.

नवरदेव म्हणजे अजून व्हायचा होता. नगरमध्ये हल्ली लग्न ठरलं की मुलगा-मुलगी चांदबिबीच्या महालाच्या वाटेला फोटो काढायला जातात. मागं डोंगर, पुढं उतार, मध्ये जुनी स्कूटर. पुढं मुलगा बसतो, मागं मुलगी ओढणी उडवते. स्कूटर माझी असते. तसा माझा मूळ धंदा बोलण्याचा. लग्नं, साखरपुडे, निरोप समारंभ, दुकानांची उद्घाटनं, जिथं माइक असेल तिथं मी. पत्रिकेत मला निवेदक म्हणतात. घरी बायको दुसरा शब्द वापरते, तो पत्रिकेत छापत नाहीत. माझ्या बोलण्याला दिवसेंदिवस गिऱ्हाईक कमी आणि स्कूटरला जास्त, अशी वेळ आली होती. बोलावणाऱ्यांचे फोन यायचे ते असे: "स्कूटर मोकळी आहे का? तुम्ही नाही आलात तरी चालेल."

म्हणजे स्कूटर गेली तर माझं काय जाणार होतं, हे वेगळं सांगायला नको.

तर वाहतूक पोलीस आले. मी ठेवणीतल्या आवाजात सुरुवात केली. "साहेब, ही नुसती गाडी नाही, हा चाकांवरचा एक काळ आहे." ते शेवटपर्यंत ऐकून घेणारे निघाले. अशी माणसं मला आवडतात. माझं झाल्यावर ते म्हणाले, "छान. कागद?"

कागद नव्हते. राहात्याला एका लग्नात निवेदनाला गेलो होतो, तिथं मांडवामागच्या पेरूच्या बागेत ही स्कूटर दिसली. तिच्यावर कोंबड्या बसलेल्या होत्या. बागवाल्यानं ती गेटाच्या उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटनं रंगवली होती, तेव्हा लांबून मला आधी झुडूपच वाटलं. जवळ जाऊन बघतो तर गोल पार्श्वभागाची, हातात गिअर असलेली, अस्सल जुनी. मी भाळलो. बागवाले म्हणाले, "न्या की." मी म्हणालो, "कागदाचं?" ते म्हणाले, "बघू की." आमच्या जिल्ह्यात 'बघू की' म्हणजे व्यवहार पूर्ण झाला. आम्ही हात मिळवले, मी गाडी टेम्पोत घालून आणली, खरवडून आकाशी केली, आणि कागदाचं कुणीही बघितलं नाही.

जप्त गाड्यांचं यार्ड शहराबाहेर आहे. तिथं वाळूचोरीत पकडलेले डंपर ओळीनं उभे असतात, वाळूसकट. एका डंपरमधल्या वाळूत एरंड उगवला होता आणि चांगला पोसला होता. त्याच्या सावलीला माझी आकाशी स्कूटर. यार्डातले हवालदार खुर्ची टाकून बसले होते.

"कुणाच्या नावावर हाय?"

"मीच वापरतो."

"वापरता ते दिसतंय. नाव कुणाचं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी आत जाऊन नंबर टाकून बघितला आणि बाहेर येऊन एक नाव सांगितलं. पत्ता भिंगारचा, मिल्ट्रीच्या क्वार्टरचा. "पयलाच मालक हाय. तिथून पुढं गाडी सरकलेलीच न्हाई."

"सरकलीय हो. राहात्यापर्यंत गेलीय."

"कागदावर म्हनतो मी. ज्याच्या नावावर, त्यानं समक्ष यावं. सही करावी, गाडी न्यावी. न्हाईतर पुढच्या लिलावात डंपरबरोबर ही बी. भंगारवाले किलोवर घेत्यात."

किलोवर! मी एरंडाकडं बघून भावनाविवश झालो, पण हवालदारांनी दखल घेतली नाही.

भिंगार म्हणजे नगरला चिकटलेलंच. त्याच दिवशी गेलो. ते क्वार्टर पाडून तिथं लांबच लांब भिंत बांधलेली. बाजारात चौकशी केली तर त्या नावाची माणसं एवढी निघाली की त्यांची वेगळी पंगत बसली असती. एक जण माझ्याच वयाचा, एक परदेशात, एकाला स्कूटर शब्द काढताच राग आला, का ते कळलं नाही. तेव्हा ठरवलं, नावावरून माणूस सापडत नसेल तर गाडी ज्या वाटेनं आली त्या वाटेनं उलटं जायचं.

राहात्याला बागवाले क्रेटमध्ये पेरू भरत होते. मला बघून म्हणाले, "या. इंजिन बसलं वाटतं?"

"इंजिन नाही, गाडीच बसलीय. पोलिसांत."

"आरं तिच्यायला!" त्यांना मनापासून आनंद झाला. खेड्यात अशी बातमी रोज येत नाही. "कागद मागितले आसतील."

"तुमच्याकडं होते का?"

"मला कुनी दिल्ते? आवो, गाडी चालती का येवढं बघायचं. कागद काय चालून दावनार हाय?"

मग पेरू कापून, तिखटमीठ लावून त्यांनी सांगितलं ते असं. दुष्काळाचं साल होतं. मिरजगावचे एक कडब्याचे व्यापारी आणि त्यांची बायको या स्कूटरवरून शिर्डीला निघाले होते. मिरजगाव जिल्ह्याच्या त्या टोकाला, शिर्डी या टोकाला. एवढ्या लांब स्कूटरवर! राहात्यात पाणी प्यायला थांबले. बागवाल्यांच्या दारात एक पहिलारू, पहिल्याच वेताची, गाय बांधलेली होती.

"बाई गाईपशी गेली ती हालंचना. कास बघती, दात बघती, पाठीवरनं हात फिरवती. मला म्हनली, इकायची का? मी म्हनलं, न्हाई. म्हनली, स्कूटर घ्या आन् गाय द्या."

"आणि तिचा नवरा?"

"दाजी पेरू खात हुते. खातच ऱ्हायले. बाईनं त्यांच्या खिशातून किल्ली सोता काढली आन् माझ्या हातावर ठिवली. मी पार गप. आसं कुनी सौदा करतं का? स्कूटरवर आले, टेम्पोत गाईशेजारी हुबं ऱ्हाऊन गेले."

"दर्शन?"

"ऱ्हायलं की. गाय उन्हात कशी ठिवायची?"

मी पेरू संपवला, एक पिशवीत घेतला, आणि एसटीनं नगरला येऊन दुसऱ्या दिवशी दुसरी एसटी धरून मिरजगावला गेलो.

कडब्याचे व्यापारी आता पेंड-सरकीचंही दुकान चालवतात. हायवेलगत दुकान, मागं घर, घरामागं गोठा. मिशा पांढऱ्या, बोलणं हळू. मी 'स्कूटर' म्हटलं आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर मागं वळून घराकडं बघितलं. मग मला दुकानाच्या बाहेर, कडब्याच्या गंजीपलीकडं नेलं. दोन प्रौढ माणसं गंजीआड कुजबुजताना बघून एका म्हशीनंही मान वर केली.

"गाडी सासऱ्याच्या नावावर हाय," ते म्हणाले. "भिंगारला ऱ्हात्यात. घर बदललंय. पत्ता देतो. पर माझं नाव नगा सांगू."

"का हो?"

त्यांनी सुस्कारा सोडला आणि लग्नाची गोष्ट सांगितली. ती मी कुणाच्याही मांडवात माइकवर सांगितली असती, एवढी ती चांगली आहे.

लग्नाच्या जेवणावळीत नवरदेव रुसतो हे सगळ्यांना माहीत आहे. पहिला घास घ्यायचा नाही, मान खाली घालून बसायचं. सासरेबुवांनी येऊन काहीतरी कबूल करायचं, घड्याळ, अंगठी, की मग हसून घास घ्यायचा. अर्ध्याहून जास्त खेळच असतो तो. व्यापाऱ्यांना हातातलं घड्याळ पाहिजे होतं. पण मांडवात मित्र जमले होते आणि मित्र म्हणजे शत्रूच. त्यातला एक ओरडला, "पाव्हण्याला स्कूटर पायजे!" सगळा मांडव हसला. सासरे हसले नाहीत. भिंगारच्या लष्करी कारखान्यात कामाला होते, नागरी नोकर, पण शिस्तीत लष्कराच्या वरचढ. ते उठले, बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, चिडले. तेवढ्यात फटफट आवाज आला आणि सासरे स्वतःच्या स्कूटरवर बसून थेट मांडवात शिरले. पंगत फाटली, बायका पदर सावरत बाजूला झाल्या, वाढप्याच्या हातातली आमटी सांडली. सासऱ्यांनी गाडी जावयापुढं थांबवली, किल्ली काढली आणि त्याच्या ताटात ठेवली. जिलेबीशेजारी.

"म्हनले, जेवा आता."

मी अंगावर आलेला काटा त्यांना दाखवला. आयुष्यभर लोकांचे प्रवेश मी माइकवरून घोषित केले, असा प्रवेश एकदाही पाहिला नाही.

"आणि कागद?" मी विचारलं.

"मागनार कसे? देनाऱ्यानं ताटात किल्ली ठिवली, त्याला काय म्हनायचं, मामा, उद्या हापिसात येऊन सही बी करा? भिकारी दिसलो आसतो. आन् त्येंनी बी इचारलं न्हाई. जावयाला सहीला बोलवायचं म्हंजे त्याला कामाला लावल्यासारखं."

म्हणजे मान राखण्यात दोघं इतके गुंतले होते की गाडी तशीच अधांतरी राहिली. आणि मग ती गाईच्या बदल्यात गेली.

"सौदा बायकोनं केला हे मला राहात्यात कळलं," मी म्हणालो.

व्यापाऱ्यांनी माझा हात धरला. "पाव्हनं, तेवढं भिंगारात बोलू नगा. मामांना वाटतंय मी इकली. वाटू द्या. तिला माहेरी जायचं आसतं."

मी शब्द दिला. माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझ्या व्यवसायाचा पायाच आहे. तरी दिला.

सासरे सापडले. भिंगारच्या टोकाला छोटं घर, गेटावर चुन्याची ताजी रेघ, पँटला अशी इस्त्री की बोट कापावं. नळीनं झाडांना पाणी घालत होते.

"नाव? काम?"

मी सांगितलं. म्हणालो, "काका, तुमची स्कूटर यार्डात आहे."

"माझ्याकडं स्कूटर नाही."

"सरकारच्या मते आहे. अजून तुमच्याच नावावर."

त्यांनी नळ बंद केला. हातरुमालानं हात पुसले. "अजून माझीच?" चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं, ते त्यांनी मिशीत अडवलं. "मला वाटलं, ती गोठ्यात गेली."

"गोठ्यात कशाला जाईल?"

"गाईच्या बदल्यात दिली जावयानं. तुम्ही बसा."

बसलो. चहा आला. तो आणणाऱ्या काकू खिडकीच्या आत खुर्ची ओढून बसल्या, म्हणजे त्या आम्हाला दिसत नव्हत्या असा त्यांचा समज होता. काकांनी त्यांची बाजू सांगितली. किल्ली ताटात ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते सायकलवर कामाला जाऊ लागले, ते थेट निवृत्तीपर्यंत. "साहेब लोक गेटवर विचारायचे, स्कूटर किधर गयी? मी छाती काढून सांगायचो, जावई के पास. मग एक दिवस कळलं, जावयानं गाय आणली. तिथून पुढं कुणी विचारलं की मी घंटी वाजवत निघून जायचो."

"तुम्ही जावयाला विचारलं नाही, का दिली म्हणून?"

"जावयाला?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवाला वजन विचारायला सांगतोय. "जावयाला असं विचारतात का? फक्त दिवाळीला आला की म्हणतो, दूध कसं आहे? बस."

"दर दिवाळीला?"

"दर दिवाळीला."

मला मिरजगावचा तो बिचारा माणूस आठवला. इतकी वर्षं दर दिवाळीला, फराळाचं ताट समोर, आणि 'दूध कसं आहे?'

मी मूळ मुद्द्यावर आलो. समक्ष यायचं, सही करायची, नाहीतर गाडी किलोवर जाणार. काकांनी नीट ऐकून घेतलं. "येतो. पण एका अटीवर. मला उत्तर पाहिजे. ज्यानं दिली त्यानं माझ्यासमोर सांगावं, का दिली. मग कुठंही सही करतो."

"तुम्ही बोलवा, ते सांगतील."

"मी असं बोलावणं धाडू? जबाब द्यायला या म्हणून? जावयाला?"

आणि जावई बोलावल्याशिवाय येणार नाही. माझी स्कूटर एरंडाखाली गंजणार आणि हे दोघं एकमेकांचा मान राखत बसणार. तेव्हा खिडकीतून काकूंचा आवाज आला. "धोंड्याचा महिना चालू आहे. जावयाला जेवायला घालायचं राहिलंच आहे अजून. मी करते फोन."

तो अधिक महिना होता हे माझं भाग्य. या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, अनारसे, दिवा, कपडे द्यायचे. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि सासऱ्याला टाळता येत नाही. शिवाय काकूंनी मलाही पंगतीला बोलावलं. "तुम्ही मध्ये बसा. बोलता चांगलं. गप्प बसायची वेळ आली की गप्पही बसाल, असं धरून चालते."

त्या दिवशी भिंगारच्या गल्लीत दुधाचे कॅन वाजवत एक टेम्पो आला. चालवत होती काकांची लेक. शेजारी जावईबापू टोपी मांडीवर घेऊन बसलेले. ताई उतरल्या, चावी कमरेला खोचली, आईच्या पाया पडल्या. पन्नाशीच्या, उन्हात रापलेल्या, झपाट्यानं चालणाऱ्या. काकांनी टेम्पोकडं पाहिलं. "हा कधी घेतला?"

"झाले की दिस. दूध संकलनाला लागतो."

औक्षण झालं. आम्ही पाटावर बसलो. काकूंनी धोंडे वाढले, पुरण भरलेले, गोल, गुबगुबीत. वरून तुपाची धार. आता जावयानं पहिला घास घ्यायचा, मग इतरांनी. जावईबापूंनी हात जोडले. आणि काकांनी आपलं ताट पुढं सरकवलं.

"मी जेवत नाही."

काकू थांबल्या. "का?"

"रुसलो."

काका पाटावर ताठ बसून बोलत होते, परेडला उभे असल्यासारखे. "मांडवात जावईबापू रुसले होते. मी का म्हणून विचारलं नाही, किल्ली दिली. आज मी रुसलोय. मला वस्तू नको. उत्तर द्या. गाडी का दिली?"

जावयांनी ताटातल्या धोंड्याकडं पाहिलं. "गरज हुती, मामा."

"कसली?"

"आसंच."

"आसंच? गाय आसंच घेतात? बैल असता तर समजलो असतो, शेती आहे म्हणून. गाय?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते खाली ढकलायला मला काहीच सुचेना म्हणून मी समोरचा धोंडा उचलून अख्खा तोंडात कोंबला. जावयाच्या आधी! काकूंनी माझ्याकडं जो कटाक्ष टाकला तो मी अजून कुणाला सांगत नाही.

तेवढ्यात ताई तुपाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी ते खाली ठेवलं.

"ह्यांना काय इचारता, बाबा? मी दिली."

"तू?"

"मी. किल्ली ह्यांच्या खिशातून मी काढली. हे पेरू खात हुते."

काकांनी जावयाकडं पाहिलं. जावयांनी मान हलवली, हो, पेरू खात होतो.

"बाबा," ताई म्हणाल्या, "मांडवात किल्ली कुनाच्या ताटात ठिवली तुमी?"

"जावयाच्या."

"मी शेजारीच बसले हुते. माझं बी ताट हुतं."

काकांची नजर समोरच्या ताटावर गेली.

"गाडी ह्यांची झाली. हे बाजारला जायचे, मी दारात हुबी. तान्ही पोर मांडीवर, च्यापुरतं दूध सासूबाईंना मागून घ्यायचं, त्यात बी पानी घालून मिळायचं. गाय आनली आन् दुसऱ्या महिन्यापासनं डेअरीचा पगार माझ्या हातात आला. दोन्ही पोरी त्याच्यावर शिकल्या. हा टेम्पो बी त्याच गोठ्यातला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ताईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सांगनार हुते. पर आईनं सांगितलं, बाबा सायकलवर कामाला जात्यात. गाय तवर दारात आली हुती. मंग तोंडच हुईना. हे म्हनले, माझ्यावर येऊ दे. जावयाला कुनी बोलत न्हाई."

काकांनी आपलं ताट दोन्ही हातांनी जवळ ओढलं.

"तूप वाढ," ते लेकीला म्हणाले. ती वाढू लागली तेव्हा म्हणाले, "दूध कसं आहे?"

"बरं हाय, बाबा. आता चार गाया हायेत."

जावईबापूंनी आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न ऐकून घास गिळला. मग आम्ही सगळे जेवलो. काकूंनी मला परत धोंडा वाढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टेम्पोतून यार्डात. काका पुढं, ताई चालवायला, मी आणि जावईबापू मागं कॅनबरोबर. माझा आनंद गगनात मावत नव्हता. मनात मी पुढच्या चार फोटोशूटच्या तारखाही लावून टाकल्या. हवालदारांनी काकांचं ओळखपत्र बघितलं, दंडाची पावती केली, सही घेतली आणि किल्ली दिली.

काका स्कूटरपाशी गेले. आकाशी रंगावरून बोट फिरवलं. "रंग माझा नाही," एवढंच म्हणाले. मग दोन्ही हातांनी हँडल धरून तिला एका बाजूला चांगली कलती केली, कार्बोरेटरला पेट्रोल पोचावं म्हणून, तसंच क्षणभर धरलं, उभी केली आणि किक मारली. एका किकमध्ये! मी रोज तिला डझनभर मारतो, तेव्हा ती विचार करते.

सगळं यार्ड निळ्या धुरानं भरलं. काकांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि हात पुढं केला. सवयीनं जावयाचा हात पुढं आला. सवयीनं माझाही आला. काकांनी आमच्या दोघांच्या हातांना वळसा घातला आणि किल्ली लेकीच्या हातात ठेवली.

"या वेळी कागदासकट," ते म्हणाले. "आत्ता आरटीओत जायचं. हिच्या नावावर करायची."

मला वाटलं, आता मी काहीतरी बोललं पाहिजे. माइक नव्हता तरी घसा साफ केला. "काका... माझं काय?"

"तुमच्याकडं कागद आहे?"

"नाही."

"मग?"

हवालदार खुर्चीत मागं रेलून हसले. त्यांना यार्डात नाटक क्वचितच बघायला मिळत असणार. मी ताईंकडं बघितलं. म्हटलं, बाईमाणूस आहे, न्याय करेल. ताईंनी न्याय केला.

"दादा, तुमची गाडी बुडाली हे खरंय. त्याचं आमी बघू, तसं सोडनार न्हाई. फोटोला लागली तर फोन करा. पर आमच्या दुधाची येळ सोडून."

नुकसानीचं नंतर खरंच मिटलं. तो भाग कंटाळवाणा आहे आणि त्यात मी जास्त बोललो. पण त्या वेळी मला खरं सांगायचं तर राग आला नाही. आला असता तर मी लपवला नसता. ती किल्ली त्या हातात जाताना बघितल्यावर परत मागायची म्हणजे मांडवात उठून जिलेबी परत मागण्यासारखं झालं असतं.

हवालदारांनी कागद पुढं केला. "गाडी ताब्यात दिली, याला साक्षीदार लागतो. तुमी करा सही. तुमी काय, रोजच येताय."

मी सही केली. स्कूटरच्या कागदावर माझं नाव यावं म्हणून मी जिल्हा पालथा घातला होता. आलं एकदाचं. खालच्या ओळीत.

"रस्त्यावर न्हाई काढायची, नावावर हुईस्तोवर," हवालदारांनी बजावलं. "टेम्पोत घालून न्या."

"इथल्या इथं एक चक्कर?" ताईंनी विचारलं.

"लायसन?"

"टेम्पोचं बी हाय, दुचाकीचं बी."

हवालदारांनी आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली. ताईंनी पदर खोचला. हातातला गिअर त्यांना नवा होता. पहिल्यातच गाडी किंचाळत निघाली, डंपरच्या ओळीला वळसा घालून गेली, दिसेनाशी झाली, पलीकडून आवाज येत राहिला, मग एरंडाच्या बाजूनं परत उगवली. काका यार्डाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते, "गिअर! दुसरा टाक, दुसरा! क्लच दाब आधी!" जावईबापू टेम्पोच्या फळीवर बसून शांतपणे बघत होते. मला म्हणाले, "मला त्येंनी कधी शिकवली न्हाई बघा."

तिसऱ्या फेरीला दुसरा गिअर पडला.

मग मी आणि जावईबापूंनी फळी लावून गाडी टेम्पोत चढवली. कॅन सरकवून तिला मध्ये उभी केली, दोरीनं दोन्हीकडून बांधली. दोरीची गाठ मी मारली, जावईबापूंनी ती सोडून परत मारली. काका पुढं बसले, जावई मागं गाडीला धरून उभे राहिले. आता मागं स्कूटर होती, तिथं माझ्यासाठी जागा उरली नव्हती. टेम्पो आरटीओच्या दिशेनं गेला आणि मी रिक्षा केली.